अपूर्णांक

प्रचाराच्या गाडीतल्या बाईला आमच्याकडे उगुइसु म्हणतात,
थंडी सरताना गाणाऱ्या एका चिमुकल्या पाखराचं ते नाव.
पाच निवडणुका ते पाखरू मी होते.
पांढरे हातमोजे, अर्धी उघडी काच, खिशात आल्याच्या वड्या,
आणि सकाळी आठ ते रात्री आठ तोंडात एकच:
सुगानुमा, सुगानुमा तोकिझो,
काटे दुरुस्त करणारे सुगानुमा!

हामाझुराच्या बाजारात माकुलांच्या पेट्या ज्यांवर चढायच्या
ते सगळे काटे त्यांच्या हातचे.
काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला ते बोलत काहीच नसत,
नुसते त्याच्या शेजारी उभे राहून
पितळी वजनं पुसत बसत
तो घामाघूम होईपर्यंत.

मतपत्रिकेवर आमच्याकडे नाव छापलेलं नसतं,
ज्याचं त्यानं आपल्या हातानं लिहायचं.
पहिल्या खेपेला साकेच्या भट्टीचे मालकही उभे होते.
तेही सुगानुमा.
लोक नुसतं आडनाव लिहून घरी गेले.
असली मतं मग दोघांत वाटतात,
ज्याची जेवढी पक्की मतं त्या प्रमाणात,
दशांशाच्या तीन घरांपर्यंत.
शाळेच्या व्यायामशाळेत रात्री साडेअकराला निकाल वाचला:
चारशे बारा पूर्णांक तीन आठ सात.
शेवटची जागा चारशे तेराला गेली.

अर्ध्याहून थोडा जास्त माणूस
आम्हाला कमी पडला.
तो कुठे राहत असेल, मी बरेच दिवस शोधत होते
प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून.
ते मात्र पाकिटाच्या पाठीवर हिशेब पुन्हा करून म्हणाले,
"काटा बरोबर आहे."

पुढच्या खेपेला मी ओरडले,
आडनाव पुरे नाही हो, तोकिझो लिहा, तोकिझो!

सोळा वर्षं नगरसभेत. पूल नाही, पुतळा नाही.
एकदा उठून एवढंच विचारलं,
पहाटे साडेतीनला मासळी साफ करायला बायका जातात,
त्या अंधारात का जातात?
धक्क्याच्या रस्त्यावर अकरा दिवे आले.
त्यावरही कुणी म्हणालं, बाराच का नाहीत.

मग गावं एकत्र करायची टूम आली.
शेजारच्या शहरात मिसळायचं, नाव त्यांचं.
सात बाजूनं, सात विरुद्ध,
आणि सभापतीच्या खुर्चीत वयानं मोठे म्हणून सुगानुमा.
पहिलीच्या वर्गात त्या वर्षी नऊ मुलं होती.
ते खूप वेळ बसले. पारडं थांबेपर्यंत
बोट लावायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.
मग म्हणाले, "होय."
त्या एका शब्दानं गाव गेलं, सभा गेली, खुर्ची गेली.
दुसऱ्या दिवशी बाजारात कुणी त्यांना नमस्कार केला नाही.
मीही नाही.

ते गेले त्या फेब्रुवारीत बर्फ होता, माणसं मोजकी.
मी मोजली. चौदा.

काल पहाटे धक्क्यावर दोन दिवे बंद दिसले.
शहराच्या कचेरीत फोन केला.
पोरगी म्हणाली, हामाझुरा असं ठिकाण यादीत नाही आजी.
मी खुणा सांगितल्या, बर्फाचा कारखाना, वळण, चौथा खांब.
बरं, तक्रार कुणाच्या नावे लिहू?
आणि माझ्या तोंडानं मला न विचारता
वरच्या पट्टीत सांगितलं:
सुगानुमा, सुगानुमा तोकिझो.
नुसतं आडनाव लिहू नका.