इंच-टेप

माझ्याकडे टेप नव्हता.
तय्यबा आपा म्हणाल्या, माझाच घ्या की,
आणि गळ्यातला इंच-टेप काढून दिला,
पिवळा, कडेला तेलकट, एका टोकाचा पत्रा निघालेला.
त्या तीनचाकीवरच बसून राहिल्या, सेलूच्या कचेरीतल्या लिंबाखाली.
मी मोजत गेलो, त्या वहीत उतरवत गेल्या.
अक्षर माझ्यापेक्षा नीट.

माहिती अधिकारात आलेला कागद म्हणतो:
रॅम्प, काँक्रीटचा, कठड्यासह, लांबी सहा मीटर, काम पूर्ण,
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे अदा.
खाली सही, सहीखाली तारीख.
त्या तारखेला रविवार होता.

आता जमिनीवर.
रॅम्प आहे. नाही असं लिहिता येत नाही मला,
नसता तर बातमी सोपी होती.
टेप दीड वेळा पुरला: सव्वादोन मीटर,
शेळीनंही विचार करून चढावं असा उभा.
वर जाळी, जाळीला कुलूप,
चावी शिपायाकडे, शिपाई रजेवर.
कुलूप कामून?
"लोकं फटफट्या वर घालायलेत ना साहेब."
जाळीपलीकडे उंबरा.

"किती?" आपांनी खालून विचारलं.
"चार इंच."
"चार इंच म्हणजे झबल्याची बाही.
एवढ्या कापडात बाही बसते, भाऊ,
आन् माझा निराधारचा पगार तीन वर्षं वरच बसलाय."
सही समक्ष लागते.
समक्ष हा शब्द पहिल्या मजल्यावर राहतो.
रजिस्टर आम्ही खाली आणून देतो की, कारकून म्हणाला, माणुसकी हाय.
कधी आणलं होतं?
त्यानं पंख्याकडे पाहिलं.

बसस्टँडवरच्या पिवळ्या फरशा
व्यंकट मुंढे गुरुजींनी काठीनं वाचून दाखवल्या.
उंचवट्याच्या रेघा सरळ जातात,
दोन ठिकाणी वळतात, नियमाप्रमाणे,
आणि उसाच्या रसाच्या गाड्यात शिरतात.
"रस बरा असतो त्याचा," गुरुजी म्हणाले,
"पण मला परभणीला जायचं होतं."

मी चारशे शब्द पाठवले.
पान पाचवर आली, सोन्याच्या जाहिरातीखाली, नऊ सेंटिमीटर.
रविवार गेला होता. गुरुजी गेले होते.
मथळा: दिव्यांग बांधवांची गैरसोय.
"मी बांधव कधी झाले?" आपांनी फोनवर विचारलं.

मंगळवारी कचेरीपुढे फळ्या पडल्या, त्यावर लाल गालिचा.
कुणाला तरी खुर्चीसकट वर ढकलून फोटो काढला,
तो मात्र पान एकवर.
संध्याकाळी मंडपवाल्यानं फळ्या टेंपोत भरल्या,
त्याच रात्री त्याचं एक लग्न होतं.

गुरुवारी आपांचा फोन: "खाली आलेय."
मी धावत उतरलो, नेहमीसारखा.
आमचं ऑफिस मेडिकलच्या वर आहे,
सतरा पायऱ्या, कठडा नाही, वळणावर अंधार.
दर वेळी मीच खाली येतो. चहाही खालीच मागवतो.
हा माझा चांगुलपणा, असं धरून चाललो होतो मी
आठ वर्षं.

"टेप द्या माझा. ईदचे कपडे आलेत."
मी खिशात हात घातला.
त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या,
माझ्या मागं पाहत होत्या, जिन्याकडे,
गिऱ्हाइकाचा खांदा नजरेनं मापावा तसं.
काही बोलल्या नाहीत.

मेडिकलवाला शटर अर्धं ओढून जेवायला निघाला होता.
"एक मिनिट, आपा," म्हणालो,
वाकलो,
आणि टेपचं टोक पहिल्या पायरीला लावलं.

त्यांनी पिशवीतून वही काढली,
मागचंच पान उघडलं,
पेनचं टोपण दातात धरून म्हणाल्या:
"हं, बोला."