पाचूतलं शेवाळ

दोन वेळा परत पाठवलं मला पदमचंदनं.
"आज नको, बाईजी. धुकं आहे."
जानेवारीत लष्करात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही,
सराफ्यात दुपारी बाराला दिवे लागलेले,
आणि हा माणूस पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला
घरी जा म्हणतो.
"दिव्याखाली काचसुद्धा नवरी दिसते."

तिसऱ्यांदा गेले ती मंगळवारी. ऊन होतं,
पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखं.
त्यानं उत्तरेची खिडकी उघडली,
पांढऱ्या कागदाची पुडी सोडली
आणि पाच पाचू गादीवर ओतले,
मटार सोलावेत तसे.

एकतीस वर्षं मी बँकेत रोखपाल होते.
नोट उजेडात धरायची, दोरा बघायचा,
बोटांनी कागदाची कुरकुर ऐकायची.
खोटी निघाली तर ओरडायचं नाही;
नुसती बाजूला ठेवायची,
आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.
मला वाटलं, एवढं तर येईलच आपल्याला.

म्हणून आधी उचलला तो सगळ्यात स्वच्छ.
आत काही म्हणजे काही नाही.
पदमचंद बोलला नाही. भिंग पुढे केलं.
भिंग डोळ्याशी, खडा भिंगाशी,
आणि दुसरा डोळा मिटायचा नाही;
हे जमायलाच पाव तास गेला.
मग दिसला एक बुडबुडा.
गोल, अगदी गोल,
सोड्याच्या बाटलीतून सुटून आलेला.
"काच आहे," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवतो.
जमिनीच्या पोटात इतकं गोल कुणी होत नाही."

दुसऱ्याचा रंग कडेला पळालेला, मधे फिका.
तिसऱ्यातून खालच्या कागदावरची रेघ
सरळ दिसत होती:
घाट चुकलेला, उजेड आत येतो
आणि न थांबता निघून जातो,
आमच्या शाखेत तपासणीला येणाऱ्या साहेबांसारखा.
चौथा मला आवडला होता.
त्याला भेग, पोटातून थेट पाठीवर आलेली,
तेल पाजून गप्प केलेली.
"दोन उन्हाळे. गरम पाण्यात हात घालाल,
मग ती आपणहून बोलायला लागेल."

पाचवा लहान. सव्वातीन रत्ती.
आत शेवाळ.
तिरकी पिसं, एक काळा ठिपका,
आणि कोपऱ्यात धुरासारखं काहीतरी,
तीनदा पाहिलं, तिन्हीदा वेगळं वाटलं.
नोट असती तर बाजूला ठेवली असती.

"हा खरा?"
"जयपूरचा दाखला आहे, वाचा. पण आधी ओठाला लावा."
गार.
मग ती काच लावली. तीही गारच,
पण दोन श्वासांत माझ्याएवढी कोमट झाली.
पाचू आपला गारच, कितीतरी वेळ,
कुणाच्या दुकानात आहोत याचं त्याला काही नव्हतं.

केतकी म्हणाली होती, आत्या, सोनं घे,
नाहीतर हिरा. विकायला बरं.
मला विकायचं नाही.
ओल्या स्पंजानं सोललेली ही बोटं,
यातल्या एकातही कुणी काही घातलं नाही.
कुणी विचारलंच नाही, असंही नाही.
त्या वेळी मी फार स्वच्छ माणूस शोधत होते.

भाव केला. तो दोन हजार उतरला,
मी आणखी पाचशे म्हटलं,
त्यानं चहा मागवला, म्हणजे नाही.
अंगठी चांदीत की सोन्यात, मागून उघडी ठेवायची की बंद?
"उघडी," तो म्हणाला. "मागून बंद करतो
त्याला काहीतरी लपवायचं असतं."

बयाणा म्हणून वीस नोटा मोजल्या,
सवयीनं, चार बोटांत, आवाज न करता.
त्यानं त्यातली एक उचलली
आणि खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात, धरली.
मी चहाच्या कपात बघत राहिले.