चाळीस मायक्रोसेकंद

हेल्दुर गेला तेव्हा त्याच्या मागे
एक होडी होती, दोन मांजरं
आणि अठराशे ओळींचा एक ड्रायव्हर,
ब्रेल छापणाऱ्या यंत्राचा.
होडी भाच्यानं नेली, मांजरं शेजारणीनं.
ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडला.

यंत्र बनवणारी कंपनी कधीच बुडालेली.
माहितीपुस्तक तिनं कुणाला दाखवलंच नव्हतं.
कुठला आकडा पाठवला की कुठली सुई उठते
हे हेल्दुरनं चाचपत चाचपत लिहून काढलं,
तीन हिवाळे, व्होरू गावात,
गिरणीतून आल्यावर, विटांच्या भट्टीला पाठ लावून.

पैसे? छे.
आई विचारते, मग करतेस कशाला?
मी सांगते, कर्नल दर दोन-तीन महिन्यांनी कूस बदलतो,
अंगाखाली कुणी चिरडलं नाही ना
हे उठून बघावं लागतं.
म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतलं जागरण, आई म्हणते,
आणि राईच्या पावाचा तुकडा पुढं सरकवते.

फाइलच्या मधोमध त्यानं एक थांबा ठेवलाय,
चाळीस मायक्रोसेकंदांचा. वर टीप:
‘का ते माहीत नाही. काढू नका.’

मी काढला.
एकतीस वर्षांची होते, हुशार होते,
कारण नसलेली ओळ मला केरासारखी दिसायची.
माझ्या टेबलावरचं यंत्र हूं की चूं न करता
पान पान स्वच्छ छापत राहिलं.
बदल पुढं गेला. दोघांनी तपासून सह्या केल्या.

एप्रिलमध्ये नार्वाहून फोन आला,
झिनाइदा ल्वोव्ना, अंधशाळेत गणित शिकवतात,
स्वतः बोटांनीच वाचतात.
यंत्र आमचं फार जुनं आहे, त्या म्हणाल्या,
तक्रार नाही, पण हल्ली
पाचवा ठिपका मधूनच उठत नाही.
मग पाचाचा एक होतो.
चाराचा तीन, आठाचा दोन.
परवा परीक्षेत एका मुलाचं उत्तर चुकलं
आणि मुलगा चुकला नव्हता.

त्या रात्री थांबा परत घातला.
आठवडाभर कारण शोधलं,
सुईची स्प्रिंग, केबलची लांबी, थंडी,
काही हाती लागलं नाही.
हेल्दुरच्या टीपेखाली एक ओळ लिहिली:
‘मलाही माहीत नाही. काढून पाहिलं आहे.’

त्या मुलाचे गुण मग दिले का,
विचारायचं राहूनच गेलं.