पेड

पावसाळ्यानंतर विभागातल्या अकरा खुर्च्या
बसक्या झाल्या, तेव्हा शनाभाईंना बोलावलं.
बडोद्यातल्या वाडीहून ते नातीचा खांदा धरून येत.
डोळे जन्मापासून नाहीत.
वेत बादलीत भिजत टाकून बसत दाराशी,
फॉर्मलिन जरा कमी झोंबतं तिथे.

आत मी पहिल्या वर्षाला हाताच्या नसा शिकवत होते.
पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, पाच फांद्या.
झाडाची भाषा
मध्येच दोर वळते
आणि पुन्हा झाड होते.
कुणाला त्याचं काही वाटत नाही. परीक्षेला येतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं,
"बेन, आ प्लेक्सस एटले शुं?"
जालिका, मी म्हटलं.
"जाळी? माछली पकडवानी?"

तिथे मी अडले.
जाळं धरतं. हे काहीच धरत नाही.
मग म्हटलं, लॅटिनातलं क्रियापद आहे, प्लेक्टेरे,
पेडावर पेड घालणं.
अलकापुरीत माझा दातांचा डॉक्टर बसतो ना,
तो कॉम्प्लेक्ससुद्धा त्याच घराण्यातला.
ते हसले. "एमां तो कशुं गूंथेलुं नथी."

आणि थोड्या वेळाने:
शेवट कुठे बांधता?
वेणीला रिबन असते, खाटेला गाठ,
वेताला चौकटीत खुंटी.

बांधत नाहीत, शनाभाई.
मानेतून निघतात, काखेपाशी एकमेकांत जातात,
कोण कुठून आलं हे तिथे ओळखू येत नाही,
आणि मग सुटतात,
कुणी अंगठ्याकडे, कुणी करंगळीकडे.
म्हणून एक मूळ दुखावलं
तरी सगळा हात जात नाही.

"कुठे?"

त्यांचीच बोटं मी त्यांच्या
हासळीच्या हाडामागच्या खड्ड्यात ठेवली.
वेत भिजला का बघतात
तसं त्यांनी दाबून पाहिलं. मान वळवली, पुन्हा दाबलं.
"सैल विणलंय," म्हणाले.
"हलायला जागा ठेवलीय."
मग पुढची पट्टी ओढून घेतली.

अकरावी खुर्ची शुक्रवारी झाली.
बिलावर त्यांनी अंगठा दिला,
निळा, जरा तिरका.
कारकुनाने कागद उचलला तरी
मी मनात रस्ता म्हणत होते, मुलं घोकतात तसा:
सहावं मूळ, वरचं खोड, पुढे