दोन आणे दंड

पंप बंद पडला की महापालिकेतून मला फोन येतो.
राजवाड्याची बाग, उत्तरेचं फाटक.
वॉचमन चौगुले म्हणतो, "आलासा? च्या घ्या, मग बघा."
मी आधी आवाज बघतो.
आवाज बघायचा असतो, हे आमच्या घरातलं शिक्षण.

इथं एक लोखंडी छत्री आहे, आठ खांबांची,
विलायतेहून बोटीनं आलेली, मिरजेपासून बैलगाडीनं.
शनिवारी तिच्यात संस्थानचा बँड वाजायचा.
कायतान नावाचा एक गोव्याचा क्लॅरिनेटवाला होता,
बुटाला पॉलिश, मिशीला मेण.
नगारखान्यात भैरू गुरवानं सनई ओठाला लावली
की हा आपलं वाद्य मांडीवर ठेवून द्यायचा.
पुढं त्याच्या वॉल्ट्झमध्ये भूप शिरला,
चोरपावलांनी, मागल्या दारानं.
बँडमास्तर लालबुंद. राणीसाहेब पडद्याआड हसल्या म्हणे.
म्हणे, कारण हे कुठं लिहिलेलं नाही.

लिहिलेलं आहे ते एवढंच,
बागखात्याच्या वहीत, मोडीत, शाई गंजाच्या रंगाची:
"सिदू माळी याने गुलाबाचे वाफे बुडविले
सबब दंड आणे दोन."

सिदू माझा पणजा.

त्या साली दसऱ्याला तानूबाई नेसरीकर आल्या होत्या,
उतरल्या होत्या बागेतल्या बंगलीत.
पहाटे विहिरीच्या थारोळ्याशेजारी
घोंगडं टाकून बसायच्या, तंबोरा न घेता.
सिदूनं मोट जुंपली, चाक करकरलं.
तो तेलाची वाटी घेऊन वर चढणार
तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे.
त्यो गंधार हाय. कोमल. माझ्यापरीस खरा."

पाखऱ्या आणि ढवळ्या उतारावरून जायचे, मागं यायचे,
चाक तेवढंच बोलायचं,
आणि बाई त्या एका करकरीला धरून तोडी उभी करायच्या,
भिंत नाही, चौकट नाही,
नुसतं धुकं वर चढावं तशी.

नवव्या दिवशी वाफे भरले. मोट सोडायची वेळ झाली.
पण आलाप संपेना.
मोट थांबली तर गंधार थांबणार,
गंधार थांबला तर बाई कुठं पाय ठेवणार?
सिदूनं बैल हाकले.
पाणी गुलाबांच्या घोट्याला आलं, गुडघ्याला आलं,
विलायती कलमं, नावांच्या पाट्यांसकट, तरंगायला लागली.
बाईंचे डोळे मिटलेले. सिदूचेही.
बैलांचं कुणी विचारलं नाही.

कुजलेल्या वाफ्यात पुढच्या साली
आपसूक एक भोपळ्याचा वेल आला.
एक फळ एवढं मोठं, की सिदूनं ते वाळवलं,
पोत्यात घालून मिरजेला नेलं.
कारागिरानं टिचकी मारली, कान लावला, मान हलवली:
"साल पातळ हाय, माळी. भीमाकाठचा लागतो.
ह्यात सूर ऱ्हाणार न्हाई."
सिदू चालत परत आला. दोन दिवसांची वाट,
पाठीवर तो पोकळ गोळा.

तंबोरा झाला नाही.
आजोबांच्या पाठीला तो बांधून
त्यांना कोटितीर्थात ढकललं.
आमच्या घरात गाणं कुणालाच येत नाही.
पोहायला सगळ्यांना येतं.

आज विहिरीवर जाळी आहे, जाळीवर वडाची पानं,
छत्रीत सकाळी हास्यक्लब, आठ खांबांना आठ माणसं
टेकून हसतात, जोर लावून.
गुलाब आहेत, कुठले विचारू नका.

पंप सुरू केला तर बेअरिंग वाजलं.
बारीक, लांब, जरा उतरलेलं.
चौगुले म्हणाला, "ग्रीस मारा की."
मी डबा उघडला, बोटावर ग्रीस घेतलं
आणि उभा राहिलो.
हास्यक्लब संपेपर्यंत. मग कावळे उडेपर्यंत.
चौगुलेचा च्या निवला.

मग मारलं ग्रीस.
मोटर जळाली तर बिल माझ्या नावावर पडतं,
आणि ते दोन आण्यांत भागत नाही.