पान उलटणारा

माझं काम तसं सोपं.
पियानोच्या डाव्या अंगाला लाकडी खुर्ची,
नेरेओच्या हनुवटीवर डोळा,
ती झुकली की उठायचं,
कागदाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरून
आवाज न करता उलटायचा, पुन्हा बसायचं.
टाळ्या वाजतात तेव्हा मी खाली बघतो.
त्या माझ्या नसतात.

त्रिएस्ते. फेब्रुवारी. बाहेर बोरा वारा,
म्हाताऱ्यांना धरून चालता यावं म्हणून
नगरपालिकेनं चौकात दोर बांधलेत.
थिएटरचं छत कुठंतरी कण्हतंय
आणि तरी एकही खुर्ची रिकामी नाही,
कारण वांदा क्रेवातिन आणि ओर्नेल्ला देग्रासी
एकवीस वर्षांनी एका मंचावर.

एकवीस वर्षं दोघींत विस्तव जात नव्हता.
कशावरून, ते शहरात प्रत्येकाला ठाऊक
आणि प्रत्येकाचं वेगळं:
न्हाव्याच्या मते एक भूमिका,
मासेवाल्या बाईच्या मते एक नवरा,
माझ्या आईच्या मते व्हिएन्नात विसरलेला एक वाढदिवस.
करारात कलमं: खोल्या दोन, आरसे सारखे,
पोस्टरवर नावं एकाच मापाची,
आधी कोणाचं, ते नाणेफेकीवर.
नाणं मीच उडवलं. वांदा हरली.
म्हणाली, "नाणं हलकं होतं."

प्रेक्षकांना चेहरे दिसतात, मला पाठी.
वांदाची रुंद, बंदरावरच्या हमालासारखी,
श्वास घेते तेव्हा काळं मखमल
शिवणीपाशी विरल्यासारखं दिसतं.
ओर्नेल्लाची बारीक; झग्याचा वरचा हूक तुटलेला,
तिथं एक सेफ्टी पिन.
वरच्या सुराआधी ती पिन
बोटभर उचलली जाते.
रात्रभर मी नोटेशन सोडून
तीच वाचत होतो.

शेवटचं युगुलगान. पान सदतीस.
दोन बहिणी, एक किनारा,
एक जहाज, येणार की नाही;
कथा काय, ऑपेरात असते तशीच.
वांदाची ओळ संपली. आता पियानोचे चार ठोके
आणि मग ओर्नेल्ला.

पहिला. पिन हलली नाही.
दुसरा. नेरेओचा हात जड झाला,
धावत येणाऱ्यासाठी कुणी
बसच्या पायरीवर पाय रोवून उभं राहावं
तशी त्यानं लय अडवून धरली.
तिसरा.
तिच्या मानेवरचा घाम मला दिसला
आणि मी पान उलटायचं विसरलो.

चौथ्यावर सूर आला.
ओर्नेल्लाचा, पण ओर्नेल्लाकडून नाही.
वांदा, सत्तरीची, खालच्या पट्टीची बाई,
जन्मात जिथं गेली नव्हती
त्या माळ्यावर चढली, शिडीवाचून.
गोड नव्हता तो. कडेला खरखर होती,
नांगर वर ओढताना साखळीला असते तशी.
पण धरून होता.
आणि खाली, वांदाच्या रिकाम्या जागेत,
कुणाला कळायच्या आत
ओर्नेल्ला उतरली.
पिन हलली.

लोक उभे राहिले. फुलं दोघींना सारखीच,
मोजून अकरा अकरा.
तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं फक्त
टाळी न वाजवता चष्मा काढून पुसला.
नेरेओ पियानोचं झाकण लावता लावता म्हणाला,
"सदतीस उशिरा उलटलंस."
म्हटलं, "हो."

मागच्या दारानं निघालो तेव्हा
दोघी माझ्यापुढं, दोराला धरून,
एकीमागे एक, वाऱ्यात वाकलेल्या.
वांदाची टोपी ओर्नेल्लाच्या काखेत.
"तो सूर चढा लागला तुला,"
ओर्नेल्ला ओरडून म्हणाली.
वांदा थांबली, दोर न सोडता.
"तिथं तो चढाच लागतो," म्हणाली,
"मला इतकी वर्षं वाटायचं
तू मुद्दाम लावतेस."

मी रस्ता ओलांडून
पलीकडच्या फुटपाथनं गेलो.
तिकडं दोर नव्हता.