डिकीत मावेल तेवढं

केतेवानला गाडी घ्यायची होती.
जॉर्जियाहून आलेली, आमच्या बागेत
द्राक्षांची गोडी मोजायला, दोन हंगामांसाठी.
वॉचमन तिला केतकी म्हणतो.
तिनं कधी दुरुस्त केलं नाही.

मी तिथली हिशेबनीस. मला भाव करता येतो
म्हणून रविवारी मला धरलं.

शोरूममधला पोरगा आधी माझ्याशीच बोलला:
मॅडमना कुठला कलर आवडेल?
मग तिच्याशी, जरा मोठ्यानं,
जणू परदेश म्हणजे कानाचा आजार.
मायलेज म्हणाला, ईएमआय म्हणाला,
तिचा पासपोर्ट पाहिला
आणि ईएमआय परत गिळला.

तिनं विचारलं, ही उभी कशी राहते?
स्टँडवर, मॅडम.
नाही. द्वारकेला. सगळे सगळीकडून येतात तेव्हा.
पोरानं कॅटलॉग चाळला.
त्यात द्वारका नव्हती.

मग भद्रकालीत, गांगुर्ड्यांकडे.
तिथं जुन्या गाड्या एकमेकींना टेकून उभ्या,
लग्नघरात रात्री उशिरा बायका बसतात तशा.
सुभान मिस्त्रीनं तीन बाहेर ओढल्या.
पहिली चकचकीत; त्यानंच मान हलवली:
हिला पावडर फार लावलीय.
दुसरीवर केतेवानचे गुडघे हँडलला लागले.
तिसरी राखाडी, डाव्या कुशीला पोचा,
मागे खरवडलेल्या अक्षरांत 'आईचा आशी'.

र्वाद कुठे गेला? मी विचारलं.
आधीचा मालक सोलायला बसला होता,
गांगुर्डे म्हणाले, मग त्याचं मन झालं नाही.

तिच्या भाषेत तो-ती-ते नाही.
वस्तू नुसत्या असतात.
एकेका ठिकाणी बोट ठेवत ती विचारत गेली
आणि मी भर बाजारात व्याकरण घेऊन बसले:
आरसा तो. डिकी ती. चाक ते.
किल्ली ती. पेट्रोल ते.
हॉर्न? हॉर्न... तो.
आणि रस्ता?
तो, सुभान म्हणाला,
म्हणून तर कुणाचं ऐकत नाही.

मी टायरची नक्षी नखानं तपासत होते
तोवर तिनं पिशवी उघडली:
छाटणीची कात्री, रेनकोट, पाण्याची बाटली,
गोडी मोजायची ती नळकांडी.
सगळं डिकीत रचलं. झाकण दाबलं.
बसलं.
तिचं तेवढ्यात ठरलं.

गांगुर्डे अठ्ठेचाळीस म्हणाले. मी छत्तीस.
ते पंचेचाळीसवर आले, मी पाणी मागितलं,
पाण्यानं दोन हजार तरी उतरतात.
आणि मधेच केतेवान म्हणाली: चाळीस.
तो ळ! दोन महिने जीभ वळत नव्हती तिची,
कमळला कमल, बाळला बाल,
आणि आज नेमका माझ्या सौद्यात उगवला.
गांगुर्डे हसले. द्या, म्हणाले.
मी सदतीसला आणले असते.

पेठ रोडला आहिरराव एजंट, चष्मा कपाळावर:
पत्त्याचा पुरावा?
तिनं व्हिसा पुढे केला.
हा येण्याचा झाला. झोपण्याचा पाहिजे.
भाडेकरार दिला: गंगापूर रोड, दुसरा मजला.
वडिलांचं किंवा पतीचं नाव?
वडिलांचं लिहिलं.
कायमचा पत्ता?
इथे ती पेन धरून बराच वेळ थांबली,
मग लिहिलं, तिच्या लिपीत.
आहिररावांनी चष्मा खाली घेतला:
बाई, हे काय वेल काढलेत?
इंग्रजीत लिहा.
तिनं खोडलं नाही. खालीच लिहिलं, बारीक.

परतताना मी मागे बसले.
तेवीस वर्षं या शहरात मी मागेच बसत आलेय,
पण इतका सरळ कणा पुढे कधी नव्हता.
द्वारकेला एक टेम्पो डावीकडून, एक रिक्षा उलटी,
एक माणूस फोनवर बोलत मधोमध.
तिनं दोन्ही पाय खाली टेकले
आणि हॉर्न वाजवला नाही.
मागच्यांनी आमच्या वाटचा वाजवला.

पंपावर पोरानं विचारलं, कितीचं, ताई?
चाळीसचं, ती म्हणाली,
निव्वळ ळ साठी.
मी पर्समधून वरचे साठ काढले.